बाबांचा बैल आणि आईची फुंकणी

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल टाकून विचारलं, आणि एका मावशीने तर थेट फोन करून "तब्येत बरी आहे ना गं?" असं विचारलं. तब्येत उत्तम आहे. चंद्रपूरचं घर रिकामं करण्यात दिवाळीपासूनचे दिवस गेले, आणि त्या सगळ्या पसाऱ्यातून एक बैल माझ्यासोबत पुण्याला आला. त्या बैलाबद्दल लिहायचं आहे. नातेवाइकांपैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे, काहींनी त्याला मनसोक्त हसूनही घेतलं आहे. त्यांनी पुढचा एक परिच्छेद गाळला तरी चालेल.

तर बैल असा. उंची दीडेक फूट, लांबी त्याहून थोडी जास्त. पाठ, पोट आणि मान मिळून बाभळीचं एकच वाकडं मूळ, मूल तालुक्यातल्या आमच्या शेताच्या धुऱ्यावरचं. चार पाय म्हणजे आमच्या लहानपणच्या मोडक्या बाजल्याचे चार खूर. तोंड म्हणजे धान मोजायचं लाकडी मापटं, तळ उंदराने कुरतडलेलं, त्यामुळे नाकपुड्या आयत्याच मिळालेल्या. शिंगं म्हणजे मुठी निघालेले दोन विळे. कान आजोबांच्या जुन्या वहाणेच्या चामड्याचे. वशिंडाला नारळाची करवंटी. आणि शेपटी म्हणजे आईची पितळी फुंकणी. डोळे नाहीत. "डोळे लावले की त्याचं खेळणं होते," असं बाबा म्हणायचे.

बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला १९८२ च्या ऑगस्टमध्ये, त्याआधी सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. बाबांच्या बदल्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाल्या. वरोरा, राजुरा, अहेरी, गडचिरोली. अहेरीच्या दिवसांतली त्यांची एक आवडती गोष्ट होती. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाकडाचा एक ट्रक पाटा तुटून बसला होता. मागेपुढे नुसतं जंगल, दिवस पावसाचे, आणि पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागड तुटतं हे तिथल्या लहान पोराला पण ठाऊक. बाबा दुसऱ्या गाडीने चालले होते, ते उतरले. एक माडिया माणूस खांद्यावर कुऱ्हाड टाकून रस्त्याने जात होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाबांनी तुटलेला पाटा दाखवला, हाताने माप दाखवलं. त्याने बांबू तोडून आणला, फाडून दिला. बाबांनी तो पाट्यांच्या मधे बसवून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळला, आणि ट्रक बैलगाडीच्या चालीने का होईना आलापल्लीला परत गेला.

ही गोष्ट सांगून झाली की बाबा शेवटी म्हणायचे, "पोलाद, बांबू आन् रबर. तिघांची जात वेगळी. पन वीस मैल एक होऊन चालले." लहानपणी आम्हाला वाटायचं की ही ट्रकची गोष्ट आहे.

आता मुद्द्याचं. कलेच्या पुस्तकांतून 'सापडलेल्या वस्तूंची शिल्पं' असा एक शब्दप्रयोग वाचायला मिळतो. रोजच्या वापरातल्या, टाकून दिलेल्या, रस्त्यात पडलेल्या वस्तू उचलायच्या, त्या एकमेकींना जोडायच्या आणि त्यातून तिसराच एखादा प्राणी उभा करायचा. वाचायला छान वाटतं. पण आमच्या घरी बाबांना जी वस्तू 'सापडायची' ती बरोबर त्याच दिवशी आईची 'हरवलेली' असायची.

याला कारण होतं बाबांचा प्रामाणिकपणा. हे उलटं वाटेल, म्हणून समजावून सांगते. मेकॅनिक माणसाला भंगाराची काय कमी? डेपोच्या मागे ढीग पडलेला असायचा. पण तो ढीग सरकारी. त्याचा लिलाव व्हायचा. बाबांनी तिथला एक नटसुद्धा कधी घरी आणला नाही. बैलाखालच्या फळीला जी चार चाकं आहेत ती बेअरिंगची आहेत, आणि ती बेअरिंगं त्यांनी भंगारवाल्याकडून पैसे मोजून घेतली, वर चिठ्ठी लिहून घेतली. ती चिठ्ठी मला परवा ट्रंकेत सापडली. चार जुन्या बेअरिंगांची चिठ्ठी!

बरं, लाकूड तरी फुकट? पुरात नदीकाठी केवढे सुंदर ओंडके आणि मुळं येऊन लागतात. इरई म्हणा, वैनगंगा म्हणा. एकदा बाबांनी असंच एक मूळ सायकलला बांधून आणलं. सागाचं होतं, अगदी मान वर केलेल्या सांबरासारखं. आमच्या शेजारी वनरक्षक काका राहायचे. ते संध्याकाळी चहाला आले, मुळाकडे पाहिलं आणि जरा अवघडून म्हणाले, "भाऊ, वाहून आलेलं लाकूड पन सरकारचंच असते." बाबांना वाटलं थट्टा करताहेत. पण थट्टा नव्हती. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वाहत आलेल्या आणि काठाला लागलेल्या लाकडावर एक अख्खं प्रकरण आहे. कुणी आपली मालकी सिद्ध करेपर्यंत ते लाकूड सरकारचं धरायचं. (त्याच कायद्यात बांबूची गणना झाडांमध्ये होती. शाळेतलं पोर सांगेल की बांबू हे गवत आहे, पण कायद्यातली ती दुरुस्ती २०१७ मध्ये झाली.) दुसऱ्या दिवशी बाबांनी ते सांबर सायकलला बांधलं आणि जिथून आणलं तिथे नेऊन ठेवलं. येताना गप्प होते.

तर डेपोतलं सरकारी, जंगलातलं सरकारी, नदीतलंही सरकारी. उरलं काय? आईचं स्वयंपाकघर.

आईची विळी एकदा बगळा झाली. पात्याची मान, टोकाच्या खवणीचा तुरा, खालच्या पाटाला दोन काड्यांचे पाय. मी तो बगळा पाहिला आहे आणि अजूनही सांगते, तो सुंदर होता. पण तो साधारण दीड तास टिकला, कारण वांगी चिरायची होती. अडकित्त्याचा पोपट झाला. तो सोपा होता, अडकित्ता करणाऱ्यानेच त्याला निम्मा पोपट करून ठेवलेलं असतं. झाऱ्याचा मोर झाला. आई ओरडायची, "काहून जी, तुमाले माह्याच वस्तू भेटतात का? बाजारात काही भेटत नाही?" बाबा खाली मान घालून म्हणायचे, "पडून होती म्हणून घेतली." यावर आईचं ठरलेलं उत्तर, "पडून नव्हती, ठेवून होती."

हा फरक मी आज इतक्या वर्षांनी इथे लिहिते आहे, पण ती तो चुलीसमोर बसून रोज सांगत होती.

बाबांची शिकण्याची रीत काय होती म्हणाल, तर काहीच नव्हती. ते चित्रकलेच्या कुठल्या वर्गाला गेले नाहीत. रविवारी आम्हाला जटपुरा गेटवर न्यायचे आणि वर कोरलेला, हत्तीला दाबून धरणारा सिंह दाखवायचे. गोंड राजांचं ते चिन्ह. मला तो सिंह कधीच सिंहासारखा वाटला नाही. बाबा म्हणायचे, "ज्यानं कोरला त्यानं पायलाच कुठं असंल? आपल्याकडं सिंह हाये कुठं? वाघाचं थोडं घेतलं, कुत्र्याचं थोडं, बाकी मनातलं." मला वाटतं त्यांचं सगळं शिक्षण त्या एका गेटखाली उभं राहून झालं.

आणि दुसरं शिक्षण भाषेतून. हे माझं मत आहे, बाबा असं कधी बोलले नाहीत. आपण माठाला पोट म्हणतो, सुरईला मान. करवतीला दात असतात, खुर्चीला हात. नारळाला शेंडी असते आणि तीन डोळे असतात. जात्याला तोंड असतं. आणि खाटेच्या पायाला आपण पाय म्हणतच नाही, खूर म्हणतो. बोलणाऱ्यांनी खाटेला जनावर केव्हाच करून टाकलेलं आहे. बाबांनी फक्त ते चार खूर काढून बैलाला लावले. मी भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग खाट हंबरत का नाही?" आमच्या त्या बाजल्यावर कूस बदलली की ती हंबरायची, हे तिला सांगून काय उपयोग.

बैल झाला १९८४ च्या तान्ह्या पोळ्याला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पिठोरी अमावास्येला मोठा पोळा, खऱ्या बैलांचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. लाकडी बैल सजवायचे, चाकांच्या फळीवर उभे करून दोरीने ओढत घरोघरी न्यायचे, आणि प्रत्येक घरी बोजारा मिळतो. म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात. बाजारात रंगवलेले पांढरे स्वच्छ बैल मिळायचे, लाल झूल काढलेली, डोळ्यांत काजळ. दादाला तसला बैल हवा होता. दादा आठ वर्षांचा, मी पाच. बाबांनी महिनाभर रात्री बसून हा बैल केला आणि पोळ्याच्या सकाळी त्याच्यापुढे ठेवला.

दादा रडला. लाथ नाही मारली त्याने, पण हातही लावला नाही. "हा बैल नाहीच आहे, हा तर सगळा पसारा आहे," असं काहीसं म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत. शेवटी आईने दोरी माझ्या हातात दिली, आणि विळ्याच्या शिंगांचा, उंदीरखाल्ल्या नाकाचा तो बैल मी गल्लीतून ओढत नेला. बेअरिंगची चाकं डांबरावर असा काही आवाज करायची की लोक घराबाहेर यायचे. त्या वर्षी मला भरपूर बोजारा मिळाला. तो मी दादाला दाखवून दाखवून एकटीने खाल्ला. हे इथे पहिल्यांदा कबूल करते आहे, कारण दादा हे वाचतो.

बैलाचं आणि आईचं एक करारपत्र होतं. तोंडी. फुंकणी तिच्या लग्नातली होती, ती द्यायला तिचा ठाम नकार होता. शेवटी एका अटीवर तयार झाली: ठोकायचं नाही, कापायचं नाही, लागली की काढता आली पाहिजे. खरं तर बाबांचा स्वतःचाही तोच नियम होता. मेकॅनिकच्या जातीचा नियम. जे जोडलं ते खोलता आलं पाहिजे, नाहीतर दुरुस्त कसं करणार? त्यामुळे या बैलात एक खिळा नाही, वेल्डिंग नाही, फेव्हिकॉलचा थेंब नाही. सगळं खाचा, खुंट्या आणि पाचरींवर. मागच्या दोन खुरांच्या मधे एक पाचर आहे, आणि फुंकणी मागच्या भोकातून आत सरकवली की तिच्या नेटाने ती पाचर आवळते. म्हणजे शेपटी नुसती शोभेची नाही. शेपटीने मागचे पाय धरलेत आणि पायांनी शेपटी.

सकाळी चूल पेटवताना आई फुंकणी उपसायची. त्यासरशी बैलाचे मागचे पाय फाकायचे आणि तो हळूच मागून बसायचा. चूल पेटली, भात चढला, की ती फुंकणी पदराने पुसून परत आत सारायची आणि बैल उठायचा. घरात गॅस आल्यावरही अंगणातली पाण्याची चूल कितीतरी वर्षं होती. त्यामुळे ही उठबस मी शाळेत असेपर्यंत रोज पाहिली. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. "बैल बसला आहे" म्हणजे "आई चुलीपाशी आहे", इतकाच त्याचा अर्थ.

पुढे पुण्यात आल्यावर, २००९ च्या सुमारास, ग्रंथालयात पिकासोवरचं एक जाडजूड पुस्तक चाळताना मी एकदम थांबले. १९४२ मध्ये, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याने सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं होतं. सीट म्हणजे चेहरा, हँडल म्हणजे शिंगं. बस्स. दोनच वस्तू. पाहताना ते एका क्षणी सायकल असतं आणि एका क्षणी बैल. दोन्ही एकदम दिसत नाहीत आणि दोन्हीपैकी एकही जात नाही. आमचा बैल त्यापुढे फारच गर्दीचा, हे मान्य करते.

त्याच पुस्तकात त्याची १९५० ची बकरी होती. तिचं पोट वेताच्या टोपलीचं, पाठीचा कणा माडाच्या झावळीचा, आचळं मातीच्या भांड्यांची. पण वरून प्लास्टर चढवलेलं, आणि मग ब्राँझमध्ये ओतलेली. कुणी सांगितलं नाही तर टोपली शोधावी लागते. आणि नंतरची एक वानरी, पिलाला पोटाशी घेतलेली. तिची शेपटी मोटारीच्या स्प्रिंगची (हे वाचून बाबा किती खूश झाले असते!), आणि तिचं डोकं दोन खेळण्यातल्या मोटारी एकमेकींना चिकटवून केलेलं. त्या मोटारी पिकासोच्या मुलाच्या, क्लोदच्या होत्या. त्याला भेट म्हणून मिळालेल्या. १९५१ मध्ये तो पोरगा चारेक वर्षांचा असेल. जगभरचे लोक ती वानरी पाहून वा वा म्हणतात. मला आधी तो पोरगा दिसला, मोटारी शोधत घरभर फिरणारा.

चंडीगडच्या नेकचंदांचंही तेच. रस्ते निरीक्षकाची सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबशा, टाइल्सच्या तुकड्यांतून माणसांची आणि जनावरांची फौज उभी केली, तीही राखीव सरकारी जागेत, वर्षानुवर्षं लपून. १९७६ मध्ये तेच रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी उघडलं. आमचे बाबा असते तर सगळी फौज सायकलवर बांधून परत ठेवून आले असते. त्यांच्यात आणि मोठ्या कलावंतांत हा एक फरक होताच. मला त्याची कधी लाज वाटायची, आता वाटत नाही. अभिमानही वाटतो असं नाही. ते तसे होते.

एक आठवण मधेच येते आहे, ती लिहूनच टाकते. बाबांची बदली वरोऱ्याला असताना ते आम्हाला आनंदवनात घेऊन गेले होते. बाबा आमटे १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्णांना घेऊन त्या खडकाळ जागेवर आले, त्याचं तोवर एक गावच झालेलं. सगळे लोक बागा, विणकाम पाहत होते. आमचे बाबा एका म्हाताऱ्या माणसाजवळ खिळून उभे. त्यांना बोटं नव्हती. खुरप्याच्या मुठीला एक चामड्याचा पट्टा होता आणि तो मनगटाला बांधलेला. ते वाफ्यात बसून भराभरा काम करत होते. बाबांनी जवळ बसून विचारलं, "पट्टा टोचत नाही का?" ते हसले, म्हणाले, "आता खुरपं काढून ठेवलं तर हात हलका लागते." पुढे डॉ. विकास आमट्यांनी तिथे टाकाऊ टायर बंधाऱ्याच्या कामात वापरल्याचं बाबांनी पेपरात वाचलं, तेव्हा कात्रण कापून ठेवलं. टायर हा त्यांचा विषयच होता. पण जेवताना त्यांनी आठवण काढली ती त्या पट्ट्याची.

असो. बाबा २०२१ मध्ये गेले. आई नागपूरला दादाकडे राहायला गेली, आणि या दिवाळीनंतर चंद्रपूरचं घर विकायचं ठरलं. मी आठ दिवस सुटी काढून गेले. भांडी, कपडे, ट्रंका, बाबांचे पाने. सगळं वाटून झालं, आणि राहिला बैल.

मला वाटलं होतं दादाला तो नको असेल. पण त्याने दोन बाटल्या आणून ठेवल्या होत्या. एक फेव्हिकॉल आणि एक टचवूड. म्हणाला, "पक्का करून घेऊ. सगळे सांधे भरून टाकू, वरून पॉलिश. मी काचेची पेटी सांगितली आहे करायला." त्याने नागपूरच्या हॉलमध्ये जागाही ठरवली होती, टीव्हीच्या शेजारी.

आणि मी भांडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तो जिवंत बैल आहे, त्याला मढवू नकोस, बाबांचा नियम होता, वगैरे. चाळिशी ओलांडलेली दोन माणसं एका मापट्यावरून भांडत होती. दादा शांतपणे म्हणाला, "एक विळा आधीच हरवला होता, माहीत आहे तुला? बाबा गेल्यावर. मी कोठीत दोन दिवस शोधला. तू पुण्यात होतीस." मला हे माहीत नव्हतं. मग म्हणाला, "खुलं ठेवलं तर दहा वर्षांत एक एक करून सगळं जाईल. चिकटवलं तर निदान बैल राहील." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "तेव्हा मी त्याला पसारा म्हणालो होतो ना. आता तो परत पसारा झालेला मला पाहायचा नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पिकासोचं मत मात्र माझ्या बाजूने होतं. त्याने बोलून दाखवलं होतं की कधीतरी कुणाला हे बैलाचं डोकं उकिरड्यावर सापडावं आणि 'अरे, हे माझ्या सायकलला हँडल म्हणून चालेल' असं त्याला वाटावं. मला ते फार आवडतं. पण त्या बैलाचीही ब्राँझची प्रत काढलेली आहेच की, आणि ते ब्राँझ काही कुणाच्या सायकलला बसायचं नाही. दादाचा फेव्हिकॉल काय आणि ते ब्राँझ काय.

आमचं भांडण चालू असताना आई आतून आली. बैलापाशी बसली. डाव्या हाताने त्याचं ढुंगण धरलं आणि उजव्या हाताने सटकन फुंकणी उपसली. बैल बसला. ती म्हणाली, "ही माही आहे. ही मी नेतो. बाकीचं तुमी दोघं पाहून घ्या." (आमच्याकडे बायाही 'नेतो', 'जातो' म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.) आणि फुंकणी पदराने पुसत आत निघून गेली. दादाच्या घरी चूल नाही, अंगण नाही, सातवा मजला आहे. ती फुंकणीचं काय करणार हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

दादाने बाटल्यांची झाकणं परत घट्ट लावली. म्हणाला, "ने तू. पण पाचरी हरवू नको." मग आम्ही दोघांनी मिळून बैल खोलला. प्रत्येक तुकडा जुन्या लुगड्यात गुंडाळला, पाचरी एका डब्यात घातल्या. खोलताना कळलं की मानेच्या खाचेत आत, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, बाबांनी पेन्सिलीने दादाचं नाव लिहिलेलं होतं. नुसतं नाव, आणि १९८४. दादाने ते पाहिलं. मीही पाहिलं. मी म्हणाले, "तूच ने मग." तो म्हणाला, "नाही, ने. पोळ्याला घेऊन ये."

पुण्यात आल्यावर पहिल्या रविवारी मी बैल जोडायला घेतला. पुढचे पाय बसले, मान होतीच, मापटं बसलं, विळे बसले. पण मागचे पाय काही केल्या धरेनात. उभा केला की बसायचा. मी पाचरी उलटसुलट करून पाहिल्या, खाली वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. तासाभराने जमिनीवर नुसत्या वस्तू पडल्या होत्या. बाभळीचं मूळ, चार खूर, दोन विळे, एक मापटं. पसारा.

शेवटी नागपूरला फोन लावला. आई म्हणाली, "शिंगं पहिले लावले का? म्हनून. समोरून जड होते ना तो. पहिले मागचे पाय, मंग पाचर, मंग शेपटी. शिंगं सगळ्यात शेवटी." तिने बैल जोडलेला मी कधी पाहिला नव्हता. पण रोज सकाळी त्याला उठवत तीच होती.

"अगं पण शेपटी तू नेलीस."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "फुंकणी नाही देणार मी. तुह्या घरी काय आहे ते पाय. लाटणं नाही का?"

लाटणं होतं. एका बाजूने जरा जाड होतं, म्हणून भोकाशी ओल्या फडक्याचा एक वेढा दिला आणि नेटाने आत सारलं. पाचर करकरली. हात सोडला. उभा राहिला.

मी थोडी लांब जाऊन पाहत होते तेवढ्यात स्वयंपाकघरातून नवऱ्याची हाक आली. रविवारी पोळ्या तो करतो. "अगं, कणीक मळून झाली, लाटणं कुठे ठेवलंस? इथेच तर ठेवून होतं."